शिळं पाणी

कंपनीतर्फे अमेरिकेला निघताना शौनक त्याचं तळहाताएवढं कासव आमच्या वारज्याच्या फ्लॅटमध्ये ठेवून गेला.

"बाबा, नळाचं पाणी थेट त्याच्या काचेच्या टाकीत ओतू नका. आदल्या दिवशी बादलीत भरून उघडं ठेवा. क्लोरीन उडून गेलं की मग घाला."

"आम्ही तेच पितो की रे," हेमा म्हणाली.

"तुम्हाला सवय आहे, आई."

रविवारी त्याचा फोन येई. आधी कासवाची चौकशी. आमचा नंबर त्यानंतर, फोनचं कार्ड संपलं नाही तर.

मी बादली भरून गॅलरीत ठेवी आणि संध्याकाळी कसब्यात कीर्तनाला जाई. एकदा बुवा सांगत होते, कासवी पिलांना पाजत नाही, लांबून नुसती बघते. त्या नजरेवरच ती वाढतात. मला भरून आलं. घरी आलो, तर कासवाचे डोळे सुजून मिटलेले.

आठवड्याच्या आतच ते गेलं. तेव्हा कळलं. हेमा रोज पहाटे बादली ओतून ताजं पाणी भरायची, आणि मी अंघोळीनंतर तेच टाकीत घालायचो. रात्रीचं शिळं पाणी सकाळी वापरायचं नाही, हे तिच्या हातालाच ठाऊक होतं.

"त्याला सांगू नका," ती म्हणाली. "कासवासाठी तरी फोन करतो."

आम्ही ते सोसायटीच्या बागेत पुरलं. रविवारी मी म्हणालो, "मजेत आहे."

"बरं. माझेच डोळे सुजलेत, बाबा. उघडत नाहीत. डॉक्टरांना काही सापडत नाही. आणि इथल्या हवेला नळाच्या पाण्यासारखा वास येतोय."

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. तरी त्या दिवशी बादली भरून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी रिकाम्या टाकीत ओतलं.

पुढच्या रविवारी त्याची सूज उतरली होती.

मग मी खाडा केला नाही. हेमाला बजावलं, बादलीला हात लावायचा नाही.

"काचेला पाणी पाजा," ती म्हणाली. "पोराला पत्ता नाही."

कार्तिकी एकादशीचं कीर्तन ऐकून परतलो. गॅलरीत बादली पालथी, घासून लख्ख. टाकी काठोकाठ भरलेली. खोलीभर क्लोरीनचा वास.

"एकादशीला घरात शिळं कसं ठेवायचं?" हेमा म्हणाली. "ताजं भरलंय."

फोन वाजला. रविवार नव्हता.

 पलीकडून नुसता बुडबुडे फुटल्यासारखा आवाज.

मग शौनक हळूच म्हणाला, "बाबा, पाणी कुणी बदललं?"