वाटाण्याएवढं हाड

मी पुस्तकातल्या ओळींवर पिवळी रेघ ओढत होते, तेवढ्यात समोरून आवाज आला, “आता रेघ नसलेलं काही उरलंय का?”

वर पाहिलं. अभ्यासिकेत माझ्याच टेबलावर, खिडकीशी एक तरुण. पुढ्यात बुटांचं खोकं आणि डोळ्यांत नको तेवढा मिश्कीलपणा.

“तुम्ही तुमचं बघा,” मी फणकारले.

“बघतोच आहे. पण पुस्तक मिटून सांगा बघू, आत्ता काय वाचलंत?”

मिटलं. तोंड उघडलं... आणि काही आठवेचना! कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

फिजिओथेरपीच्या शेवटच्या परीक्षेत मी एकदा आपटले होते. बाबांनी निक्षून सांगितलं होतं, यंदा पास, नाहीतर काकांच्या कपड्यांच्या दुकानात. मला कापडाचे तागे उलगडायचे नव्हते. मला माणसांचे आखडलेले हात मोकळे करायचे होते, आणि ते मी करणारच होते. म्हणून राग गिळला. “मग कसं करायचं?”

तो दुभाषी होता, नवी भाषा शिकत होता. त्याच्या खोक्यात तीन कप्पे होते : उद्या, आठवड्याने, महिन्याने. कार्डावर पुढे प्रश्न, मागे उत्तर. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत ‘उद्या’त.

“विसरायच्या बेतात असताना आठवलं ना, की ते पक्कं बसतं,” तो म्हणाला.

माझंही खोकं तयार झालं. वर्ग सुटला की मी अभ्यासिकेत धावायची. तो विचारायचा, मी सांगायची. मनगटाची हाडं आली तेव्हा त्याने शर्टाची बाही वर सरकवली. “कागदावर कशाला? इथे दाखवा.”

“हे स्कॅफॉइड... हे लुनेट... अहो, हात हलवू नका!”

“गुदगुल्या होतात.”

“हाडांना गुदगुल्या होत नसतात.”

“हाडांना नाही, मला होतात!”

शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी डोळे वटारले. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही.

घोळ एवढाच, की त्याची युक्ती भलतीच लागू पडली. ‘उद्या’चा कप्पा रिकामा होत चालला. एका संध्याकाळी त्यात एकच कार्ड उरलं : पिसिफॉर्म. करंगळीच्या बाजूचं, वाटाण्याएवढं हाड. उत्तर अगदी जिभेवर होतं. पण बरोबर सांगितलं, की उद्या यायला निमित्त कुठलं?

“लुनेट,” मी म्हणाले.

“चूक,” त्याने कार्ड लगबगीने ‘उद्या’त टाकलं. “उद्या परत.”

दुसऱ्या दिवशीही लुनेट. तिसऱ्या दिवशीही. घरी जाताना मी स्वतःशीच हसायची.

मग सराव परीक्षा आली. मॅडमनी नेमकं त्याच हाडावर बोट ठेवलं आणि मी ठणकावून सांगितलं, “लुनेट!”

मुद्दाम नव्हे... खरंच तेच आठवलं. खोटं घोकून घोकून तेच पक्कं झालं होतं. काकांचं दुकान डोळ्यांसमोर उभं राहिलं.

तडक अभ्यासिका गाठली. “मला येत होतं. मी मुद्दाम चुकत होते.”

“माहीत होतं,” तो खाली बघत म्हणाला.

“मग बोलला का नाहीस?”

“कार्ड पुढे गेलं असतं... आणि तूही.”

ते ऐकूनही मी कार्ड उचललं, “पिसिफॉर्म!” म्हणाले आणि थेट ‘महिन्याने’त टाकलं.

“नियमाने आठवड्याने—”

“आधी परीक्षा. तोवर भेटायचं नाही. मग जे विचारायचं ते विचार.”

महिनाभर आईचं मनगट धरून घोकलं. “अगं सोड, भाजी करपतेय!” ती ओरडायची. त्याची आठवण यायची, खूप यायची. यायची तेव्हा मी आणखी एक कार्ड काढायची.

आणि मी पास झाले!

निकालाचा कागद पर्समध्ये कोंबून अभ्यासिकेत शिरले. तो त्याच खिडकीशी होता. मला पाहताच त्याने बाही वर सरकवली.

“पिसिफॉर्म,” त्याच्या मनगटावर बोट ठेवत मी म्हणाले. “पास झाले!”

तो इतका मोठ्याने हसला, की आजोबांनी पुन्हा डोळे वटारले. मग हळूच म्हणाला, “पण हाड करंगळीकडे आहे. तुझं बोट अंगठ्याकडे काय करतंय?”

“नाडी बघतेय.”

“कशी आहे?”

“धावतेय... माझ्यासारखीच. विचार ना आता.”

त्याने माझ्या बोटांवर दुसरा हात ठेवला. “कार्ड तर सगळी संपली. उद्या येशील?”

“येईन,” मी म्हणाले. “आता न चुकता.”