दुहेरी शिवणीचा तंबू

दिवा राहू दे तसाच, मालवू नका. आणि मध्ये कोणी दात काढायचे नाहीत. ही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नाही. आपल्या चौकात सोफे-गाद्या शिवायचा ना तो टाचणी, त्याच्यावर गुदरलेली आहे. अंगाने काडीपैलवान, पण हातात कसब असं, की त्याची शिवण उसवायची म्हटलं तर भल्याभल्यांना घाम फुटायचा.

गेल्या जानेवारीत एका हॉटेलच्या पडद्यांची मापं घ्यायला तो गाडी घेऊन समुद्राकाठी गेला. सोबत बोक्या. बोक्या म्हणजे कुत्रा हो! हे नाव ठेवण्याचा चावटपणा त्याच्या भागीदाराचा. तो भागीदार वर्षापूर्वी अशाच एका किनाऱ्यावर तंबूत झोपला असताना भरतीत बुडाला. टाचणी तेव्हा बरोबर होता. हाका मारून मारून घसा फुटला पण गडी उठलाच नाही, असं तो सगळ्यांना रडत सांगायचा. दुकान मग त्याच्या एकट्याचं झालं. कुत्राही त्याच्याकडेच आला, कारण भागीदाराच्या बायकोला, म्हणजे आपल्या वहिनींना, तो डोळ्यांसमोर नकोसा झाला होता.

तुम्ही म्हणाल, असं घडल्यावर माणूस पुन्हा समुद्राकडे फिरकेल का? हीच तर गोम आहे. टाचणीला त्याचं काही वाटतच नव्हतं. मापं झाली, हवा छान होती, घाई कसलीच नव्हती. परतताना त्याने किनाऱ्यावर मुक्काम ठोकला. तंबू नवा कोरा, स्वतः शिवलेला, जाड कापडाचा, सगळीकडे दुहेरी टाके. पाण्यापासून चांगला लांब, वर झाडांखाली उभारला. दोघांनी मासे भाजून खाल्ले. बोक्या खेकड्यांच्या मागे उंडारून दमून आला. टाचणी पाय ताणून आडवा झाला. शनिवार होता, आणि अमावास्या.

डोळा लागतो न लागतो तोच बोक्या उठला. भुंकला नाही, गुरगुरलाही नाही. कोणी ओळखीचं आल्यासारखी शेपूट हलवत तो बाहेर गेला.

मग तंबूची चेन खाली आली. हळूहळू. बाहेरून.

टाचणी उठून बसला. अंथरूण ओलं लागलं. हात टेकला… पाणी.

चेन हलेना. कात्री गाडीत राहिलेली. त्याने शिवण ओढली, दात लावले, नखं तुटली. एक टाका सुटला नाही. पाणी कमरेला आलं… छातीला आलं.

बाहेर कोणीतरी बोललं. शांतपणे. भागीदाराचा आवाज.

"ऊठ रे. पाणी आलंय."

…

"ऊठ की. मी हाका मारतोय ना."

टाचणीचा बांध फुटला. "मी नाही मारल्या हाका. एकसुद्धा नाही. बोक्या भुंकून तुला जागं करेल म्हणून त्याचं तोंड दाबून धरलं. त्याला उचलून गाडीत घातलं आणि तुला तिथेच सोडलं. दुकानासाठी."

"ते मला ठाऊक आहे. तिला सांग."

"सांगतो. उद्याच सांगतो."

चेन उघडली. बाहेर कोरडी वाळू. समुद्र तिकडे लांब. बोक्या अंधाराकडे तोंड करून बसला होता, खुशीत.

दुसऱ्या दिवशी टाचणी वहिनींकडे गेला खरा. चहा घेतला, मुलांची चौकशी केली आणि उठून आला. संध्याकाळी माझ्यापाशी सगळं ओकला. मी म्हटलं, अरे, सांगून मोकळा हो. तर मला म्हणतो, "काका, भीतीपोटी दिलेला शब्द, तो काय धरायचा?" आज जातो, उद्या जातो, असं करत त्याने महिना काढला.

पुढच्या अमावास्येनंतरच्या सकाळी दुकान उघडलं नाही. त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, कडी आतून. दार आम्हीच फोडलं. टाचणी पलंगावर होता… तोंड उघडं. हाक मारता मारता राहिल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, बुडून मेलाय. आपल्यापासून समुद्र गाडीने चार तासांच्या वाटेवर. बोक्या कपाटावर झोपला होता, कोरडा ठणठणीत. तेवढ्या उंच त्याला उडी मारता येत नाही.

वहिनींना मग मीच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या आणि बोक्याला घेऊन गेल्या.

ती खोली अजून रिकामी आहे. चारही भिंतींवर, पलंगाच्या हातभर वर, मिठाची पांढरी रेघ उठली आहे. मालकाने दोनदा रंग दिला. रेघ रंगावर येते. आणि हात लावून बघा… ओली लागते.