सुकाणी परत आली तेव्हा

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्येच थांबली, आणि त्याचं मला पहिल्यांदा काय दिसलं असेल, तर बूट.

काळे, टाचेला झिजलेले, पण स्वच्छ पुसलेले. लिफ्टच्या दाराला उभी अरुंद काच होती. तिच्यातून चौथ्या मजल्याची फरशी बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आली होती, आणि त्या फरशीवर ते बूट येऊन उभे राहिले. मग गुडघे टेकले. मग — तो माणूस सरळ फरशीवर पालथाच झोपला, आणि काचेपलीकडून एक चेहरा माझ्याकडे बघू लागला.

“घाबरू नका हं. जोडीदार वर मशीनरूममध्ये गेलाय. हाताने चाक फिरवून वर घेईल तुम्हाला. तोवर आपण गप्पा मारू.”

“मला नाही मारायच्या.”

“मारायलाच लागतात. अडकलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. गप्प बसलेला माणूस घाबरतो, आणि घाबरला की दाराशी झोंबायला जातो.”

मी कुठली झोंबणार? मी पिशवी पोटाशी धरून उभी होते. त्याची नजर पिशवीवरच्या बिल्ल्यावर गेली आणि चेहरा एकदम उजळला.

“अरेच्चा! तुम्हीसुद्धा टिटवीवाल्या?”

आता टिटवी म्हणजे काय ते सांगायलाच हवं. ‘उत्तरतारा’ ही मालिका मी दुधाचे दात पडायच्या वयापासून बघत आले. टिटवी हे त्यातलं अंतराळयान. लहानसंच, पण टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात ना, तसं हे अख्ख्या अंधाराला पुरून उरणारं. त्या यानाचं सुकाणू जिच्या हातात, ती सुकाणी. एका भागात यानाला आग लागते, आणि बाकीचे वाचावेत म्हणून सुकाणी बाहेरच्या बाजूने दार लावून घेते. आत कप्तान, बाहेर ती, मध्ये जाड काच. तो काचेवर हात ठेवतो. पलीकडून ती ठेवते. एक शब्द नाही. आणि मग ती जाते.

“सुकाणी परत आली तो भाग पाहिलात का?” त्याने विचारलं.

“सुकाणी मेली आहे.”

“अहो, पण नव्या पर्वात तर —”

“मेली आहे,” मी म्हणाले. “एकदा मेलेलं माणूस मेलेलंच असतं. तुम्ही लिफ्ट बघा.”

तो हसला नाही. काचेतून माझ्याकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ… तेवढ्यात लिफ्टला हिसका बसला आणि मी वर येऊ लागले.

*

चौथ्या मजल्यावर कानाच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. तिथे मी ऐकू येण्याच्या यंत्रांसाठी कानाचे साचे घेते. कानात मऊ लगदा भरायचा, तो घट्ट होईपर्यंत थांबायचं, आणि हळूच काढायचा. दोन माणसांचे कान कधी सारखे नसतात. डॉक्टर मला ‘कानवाली’ म्हणतात, आणि पुढे त्यानेही तेच नाव उचललं. मी त्याला ‘लिफ्टवाले’ म्हणायची.

पुढच्याच रविवारी तो आमच्या मंडळात हजर. ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत ‘उत्तरतारा’ची वेडी माणसं जमायची. एके काळी तिथे नुसता हशा असे. पण मालिकावाल्यांनी सुकाणीला जिवंत केलं आणि आमच्यात उभी फूट पडली. नुसती जिवंत केली असती तर मी एकवेळ गिळलं असतं. त्यांनी मागे जाऊन तो जुना भागसुद्धा बदलला. बदललेल्या भागात कप्तान नुसता हात ठेवत नाही, तो बोलतो. म्हणतो, “तुझ्यावाचून मला दिशा कळत नाही.” ते ऐकून ती मरायच्या ऐवजी वाट बघायचं ठरवते, आणि कुणीतरी तिला वाचवतं. जुना, मुका भाग त्यांनी सगळीकडून काढून टाकला. आता तो बघायचा म्हटला तरी मिळत नव्हता.

त्यामुळे टेबलाच्या एका बाजूला जुनेवाले आणि दुसऱ्या बाजूला नवेवाले. चहाच्या किटल्यासुद्धा वेगळ्या झाल्या होत्या. आमचे अध्यक्ष, भूगोलाचे निवृत्त मास्तर, दोन्ही किटल्यांतला चहा पीत आणि कुणाचीच बाजू घेत नसत. लिफ्टवाले आले, त्यांनी माझ्याकडे बघून मान झुकवली, आणि खुशाल समोरच्या बाजूला जाऊन बसले.

“तिकडे?” मी ओठ न हलवता विचारलं.

“इकडून तुम्ही नीट दिसता,” तो तितक्याच हळू म्हणाला.

माझे कान तापले. दुसऱ्यांच्या कानांचे साचे घेण्यात आयुष्य चाललंय, पण स्वतःचे कान असे तापतात हे मला ठाऊकच नव्हतं.

मग भांडणाचं निमित्त काढून आम्ही बरोबर चालत घरी जायला लागलो. भांडण खरंच होतं, पण रस्ता मात्र आम्ही मुद्दाम लांबचा धरायचो. एकदा तो त्याच्या आईंना दवाखान्यात घेऊन आला. दोन्ही कानांत लगदा भरल्यावर माणसाला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही. आईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आपल्या मते लेकाच्या कानात कुजबुजल्या. पण अख्ख्या दवाखान्याला ऐकू गेलं, “मुलगी बरी आहे रे! हात हलका आहे!”

तो भिंतीवरचा कानाचा तक्ता वाचू लागला. मी साचा काढला तेव्हा माझा हात मुळीच हलका नव्हता. जाताना आईंनी माझी हनुवटी धरली. “याचे बाबा गेले तेव्हापासून घर गप्पच आहे बघ,” म्हणाल्या. “मला वाटायचं माझेच कान गेले.”

त्या संध्याकाळी लांबच्या रस्त्यावर मी त्याला ताईबद्दल सांगितलं.

माझी ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. शेवटचे काही आठवडे तिला काचेच्या खोलीत ठेवलं होतं, कारण बाहेरचा साधा सर्दीचा जंतूही तिला चालणार नव्हता. भिंतीला इंटरकॉम होता. बटण दाबलं की आवाज आत जाई. शेवटच्या दुपारी मी गेले. ती जागी होती. मी काचेवर हात ठेवला. तिने पाहिलं, ओळखीचं हसली, आणि पलीकडून हात ठेवला. सुकाणीसारखा. लहानपणी आम्ही दोघी खिडकीच्या तावदानावर तोच खेळ खेळायचो. एक शब्दही बोललो नाही, आणि मला वाटलं, यात सगळं आलं.

“म्हणून तो भाग तसाच राहायला हवा,” मी म्हणाले. “कळलं?”

“कळलं,” तो म्हणाला. त्याचा हात माझ्या हाताच्या अगदी जवळ आला होता… पण धरला नाही त्याने.

*

रविवारी मंडळात ठराव आला. जुना भाग परत द्या, अशी मालिकावाल्यांकडे सगळ्यांनी मिळून मागणी करायची की नाही? जुनेवाल्यांच्या वतीने मी बोलले. चांगली बोलले. समोरची दोन-चार डोकीही डोलली. मग तो उठला.

तो आधी कधी मोठ्याने बोलायचा नाही. त्या दिवशी कुठल्या तरी जुन्या जखमेवर बोट पडल्यासारखा बोलत सुटला. “मुका निरोप म्हणजे निरोपच नव्हे! ती भीती असते. आपण सगळे तिला सुंदर म्हणतो, कारण आपण स्वतः तेच केलेलं असतं. इथे बसलेल्यांपैकी कुणी आपल्या माणसाला काचेपलीकडून पाठवलं असेल, इंटरकॉमचं बटण हाताशी असूनही दाबलं नसेल — त्यालाच हा जुना भाग पवित्र वाटणार!”

कुणी तरी टाळी वाजवली. मग माझ्या शेजारच्या जुन्या मैत्रिणीने चमकून माझ्याकडे पाहिलं. तिला ताई माहीत होती, काचेची खोलीही माहीत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आपण काय बोलून बसलो, ते त्याला तेव्हा कळलं.

मी उभी राहिले. “तुम्ही लिफ्ट दुरुस्त करता ना?” मी म्हणाले. “मग लिफ्टच करा. मेलेल्यांची दुरुस्ती करू नका.”

आणि निघाले. ठराव पडला, हे मला नंतर कळलं.

त्यानंतर अबोला. तो महिन्याच्या देखभालीला यायचा तेव्हा मी जिन्याने चढायची. चार मजले. दम लागायचा, पण रागाला चांगलं बळ असतं. खरं सांगू? राग त्याच्यावर होता असं मी म्हणत होते. पण रात्री उशीवर डोकं टेकलं की एकच विचार यायचा. कप्तान जर बोलू शकत होता… तर मलाही बोलता आलं असतं. बटण हाताशी होतं. मी का नाही दाबलं?

*

त्या दुपारी वीज गेली तेव्हा मी जिन्यावर होते. चौथ्या मजल्याच्या तोंडाशी आले आणि पाहिलं, लिफ्टच्या काचेत बॅटरीचा मिणमिणता उजेड. तोच अडकला होता, आणि जिथे मी अडकले होते, जवळपास तिथेच. जोडीदाराला फोन लागला होता, पण तो शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथून येईपर्यंत वेळ लागणार होता.

त्याने माझी पावलं ऐकली असणार. पण हाक मारली नाही.

मी निघून जाऊ शकत होते. दवाखान्याचं दार दहा पावलांवर होतं. पण तो गप्प होता, आणि गप्प बसलेला माणूस घाबरतो हे त्यानेच सांगितलं होतं. मी पांढऱ्या कोटासकट फरशीवर पालथी झोपले. काचेपलीकडे, थोडा खाली, त्याचा चेहरा होता. घामेजलेला.

“बोला,” मी म्हणाले. “अडकलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं असतं.”

त्याने बाहीने कपाळावरचा घाम पुसला.

“बाबांशी माझा अबोला होता,” तो म्हणाला. “त्यांच्या स्कूटरला मी न विचारता रंग दिला होता. एवढंच कारण. सकाळी ते चहा पिऊन निघाले. दाराशी थांबले होते, मला कळत होतं. मी तोंडासमोर पेपर धरून बसलो. दुपारी फोन आला.” त्याने बॅटरी दुसऱ्या हातात घेतली. “सुकाणी जगली की मेली, याचं मला काही नाही हो. कप्तान बोलला, तेवढंच मला पुन्हा पुन्हा बघायचं असतं. त्या दिवशी मी माझ्यावरच ओरडत होतो. पण तोफ तुमच्या दिशेने सुटली. तुम्ही विश्वासाने सांगितलेलं मी चारचौघांत उधळलं. त्याला माफी नाही, हे मला माहीत आहे.”

फरशी गार होती. मी गाल तिच्यावर टेकला. आणि कुणाला सांगतेय ते नीटसं न कळता मी बोलायला लागले.

“ताई… तुझा निळा स्वेटर हरवला नव्हता गं. मी घेतला होता. कॉलेजात घालून जायचे, आणि घरी यायच्या आधी पिशवीत लपवायचे. तू दोन दिवस शोधत होतीस, तेव्हा मीही तुझ्याबरोबर शोधत होते. आणि… मला तुझ्याशिवाय जमत नाही. आई सगळ्याला हो म्हणते हल्ली. भांडायला घरात कुणी नाही.”

एवढंच. एवढं बोलायला मला तीन वर्षं लागली. मी रडले, मोठ्याने रडले, आणि त्याने मला रडू दिलं.

डोळे पुसून पाहिलं तर काचेच्या तळाशी त्याचा हात वर येत होता. तेलाने काळा झालेला तळवा. तो काचेवर टेकणार, तोच मी म्हणाले, “नको. हात नको ठेवूस. बोल.”

हात तिथेच थांबला. मग खाली गेला.

“मला…” तो अडखळला. “जिन्यावर तुझी पावलं वाजायची ना, ती कुठल्या मजल्यावर दमतात ते मला पाठ झालंय. तिसऱ्यावर तू थांबतेस. मी वर मशीनरूममध्ये हातातलं काम सोडून ऐकत बसायचो. मला तू हवी आहेस. भांडायला हवी आहेस. सुकाणी मेली की नाही, यावर आपण दोघं म्हातारे होईपर्यंत भांडू. चालेल?”

“मेली आहे,” मी म्हणाले.

“बरं. मेली आहे.”

“मेली आहे. ते मी सोडणार नाही.” माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “पण कप्तान बोलला, ते बरं झालं.”

त्याने डोळे मिटून घेतले. त्याच्या पापण्या ओल्या होत्या.

जोडीदार जिन्याने धापा टाकत आला, पांढऱ्या कोटातली बाई फरशीवर पालथी पडलेली पाहून क्षणभर थबकला, आणि काही न विचारता वर पळाला. थोड्या वेळाने चाक फिरल्याचा आवाज आला. मी उठून उभी राहिले, कोट झटकला. काचेत आधी त्याचे केस वर आले, मग कपाळ, मग डोळे. ते डोळे माझ्या डोळ्यांच्या पातळीला येऊन वर गेले, कारण तो माझ्याहून उंच आहे, हे मी विसरलेच होते.

दार उघडलं. मी मान खाली घातली होती, त्यामुळे मला दिसले ते बूट. ते उंबऱ्याशी जरा थांबले, आणि मग माझ्या चपलांसमोर येऊन उभे राहिले.