लिंक लागेपर्यंत

"जरा शिडी धरता का, मॅडम?"

संघरत्नाने वर पाहिलं. सापगावच्या शाळेच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून एक तरुण उभा होता. हा साईनाथ. तिच्या संगणक वर्गात शहापूरहून बिनतारी इंटरनेट आणायला आलेला. टाकीवर त्याने वायरलेस ब्रिजची, म्हणजे शहापूरचा सिग्नल पकडणारी, पांढरी पेटी बसवली होती. तिने शिडी धरली. उतरताना त्याचा हात तिच्या बोटांना ओझरता लागला... आणि तो शहापूरला निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. तिकडच्या गच्चीवर त्याचा ब्रिज, इकडे तिचा. दोघांची तोंडं नेमकी समोरासमोर आली, की पेटीवरचा दिवा लागणार होता.

"थोडा डावीकडं... अजून. दिवा लागला?"

"नाय."

"मी लाल टॉवेल हलवतोय. दिसतोय?"

भातसा नदीपलीकडे एक ठिपका हलायचा. तो दिसेनासा झाला तरी ती तिकडेच बघत राहायची.

तिसऱ्या दिवशी तिने पेटीसोबतचं इंग्रजी पुस्तक वाचून काढलं. शाळेचा ब्रिज जुन्या मॉडेलचा, शहापूरचा नव्या. ही दोन मॉडेलं एकमेकांशी जुळतच नव्हती. पेटी कितीही फिरवली तरी दिवा लागणार नव्हता.

सांगायला हवं होतं. पण संध्याकाळी फोन यायचा, तो आधी "जेवलात का?" विचारायचा, मग आईच्या गुडघ्यांचं सांगायचा... आणि ती पेटी बोटभर फिरवून म्हणायची, "नाय. अजून नाय."

आठव्या दिवशी मुलींच्या ऑनलाइन परीक्षेची तारीख आली. सोमवार.

"बाई, इथं नेट नाय आलं तर घरचे मला परीक्षेला मुरबाडच्या सेंटरला नाय पाठवणार," तिच्या वर्गातली ठकी म्हणाली.

संघरत्नाने त्याच संध्याकाळी त्याला मॉडेलचं सांगितलं.

"उद्या नवा आणून बसवतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने टाकीवर नवा ब्रिज बसवला आणि दहा मिनिटांत हिरवा दिवा लागला. ठकी आनंदाने खाली पळाली. साईनाथ उरलेली वायर गुंडाळत राहिला... फार सावकाश.

"सोमवारपासून मला जव्हारला टाकलंय. सहा महिनं तरी."

"साईनाथ, ते पुस्तक मी तिसऱ्याच दिवशी वाचलं होतं."

त्याचे हात थांबले. "मंग सांगितलं का नाय? मला वाटलं, मलाच काम येत नाय. साहेबांचं रोज ऐकत होतो."

"सांगितलं असतं तर तुमचा फोन आला नसता."

त्याने वायर खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "रविवारी म्हशाच्या जत्रेला येशील?"

येशील — पहिल्यांदाच.

"येईन," ती म्हणाली.

त्या दिवशी गुरुवार होता. रविवार इतका लांब असतो, हे तिला ठाऊक नव्हतं.