कोर्मॅकचं गवत

पहिल्याच भेटीत कोर्मॅकची सायकल डिंफ्नाच्या मेंढीवर आदळली. मेंढी उठून चालू लागली. कोर्मॅक मात्र चिखलात तसाच बसून राहिला, डिंफ्नाकडे बघत.

"गवत कापायचं म्हणतोय..." त्याला एवढंच सुचलं. "पाऊस येईल का?"

गावात गवत कापून वाळत टाकलं जायचं ते डिंफ्नाच्या शब्दावर. तिने मान वर केली. "आभाळ बांगडा माशाच्या पाठीसारखं झालंय. थांब."

दुसऱ्या दिवशी तो हजर. "आज?"

"पाकोळ्या फार खालून उडतायत."

तिसऱ्या दिवशी चंद्राला खळं पडलेलं होतं. असे तीन आठवडे गेले.

"माझ्याकडे काय बघतोस? आभाळ वर आहे!"

"मला इथूनही दिसतं की..."

सोमवारी मात्र ती म्हणाली, "तीन दिवस कोरडे. काप."

"इतक्यात?" त्याचा चेहराच पडला.

बुधवारी दुपारी नेफिन डोंगर अचानक इतका जवळ दिसू लागला, की त्याच्यावरच्या मेंढ्या मोजाव्यात. म्हणजे तासाभरात पाऊस! डिंफ्नाला कोर्मॅक आठवला. बिचाऱ्याचं वर्षाचं गवत... आणि तेही तिच्या शब्दावर! गवत गोळा करायचं दाताळं उचलून ती ओरडत सुटली. कुणाचं गवत भिजणार म्हटलं, की इथे घरात कुणी थांबत नाही. कोर्मॅकच्या कुंपणाशी पोचेपर्यंत तिच्यामागे सतरा माणसं होती, सतरा दाताळी घेऊन.

कुंपणापलीकडे खडक होते. नुसते खडक. एकावर बकरी उभी होती, तीही चकित.

"गवत कुठाय?" डिंफ्नाने विचारलं.

"नाहीये," कोर्मॅक म्हणाला.

"बकरीने खाल्लं?" म्हाताऱ्या फेस्टीकाकांनी विचारलं.

"नाही काका. कधी नव्हतंच."

"मग तीन आठवडे मला काय विचारत होतास?"

"जे विचारायचं होतं... त्याची हिंमत होत नव्हती. तू आवडतेस मला."

सतरा दाताळी जागच्या जागी थिजली.

"लाज नाही वाटत? मी इकडे जीव खाऊन धावत आले!"

फेस्टीकाका खाकरले. "पोरी, तूही सोमवारीच कापलंस ना? तुझं कुणी गोळा केलं?"

डिंफ्ना गर्रकन मागे वळली. तिचं अख्खं शेत आभाळाखाली उघडं पडलं होतं, आणि वाटेत एकदाही तिला ते आठवलं नव्हतं! सगळ्यांना अर्थ कळला. तिला सगळ्यात शेवटी.

टप्पकन पहिला थेंब पडला.

"बघत काय उभा राहिलास?" कानापर्यंत लाल होत ती कोर्मॅकवर ओरडली. "पळ ना! आपलं गवत भिजतंय!"