दाराला लावलेला हात

रक्ताच्या रंगात थोडा तपकिरी मिसळावा लागतो. नुसतं लाल रक्त कुणालाच खरं वाटत नाही. अंबडच्या शेडमध्ये आठ वर्षं मी अशाच खोट्या वस्तू बनवते आहे. विंचूरच्या एका रिसॉर्टच्या मालकानं, ललितनं, तिथं मुलांच्या वाढदिवसांसाठी परीकथेतल्या राक्षसाच्या किल्ल्याची खोली काढली. तिथली छाटलेली मुंडकी, साखळदंड, कवट्या, सगळं माझं. दाराच्या मुठीऐवजी मात्र त्याला तुटका हात हवा होता. शेकहँड केला की दार उघडणार.

साचा घेताना हात दहा मिनिटं स्थिर लागतो. बोलावलेली माणसं चुळबुळ करतात. घरी माझ्या वडिलांचा, आप्पांचा, उजवा हात दीड वर्ष हललाच नव्हता. येवल्यात चाळीस वर्षं पैठणी विणलेला हात. पक्षाघाताचा झटका आला आणि त्यातली जाणीवच गेली. टाचणी टोचली तरी कळायचं नाही. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला, म्हणून मी त्यांचाच हात साच्यात बुडवला.

"कुठंतरी कामाला आला म्हनायचा," आप्पा हसले. मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती.

त्या साच्यातला रबरी हात दाराला लावून खोली सुरू झाली, त्या शनिवारी चहा पिताना आप्पा एकदम हाताकडे बघायला लागले.

"कुनीतरी धरतंय."

झटक्यानंतर असे भास होतात, डॉक्टरही तेच म्हणाले. रविवारी आप्पा तपशील सांगू लागले. हा तळवा घामेजलेला, तो आईस्क्रीमनं चिकट. संध्याकाळपर्यंत नऊ हात झाले. मी सहज विचारल्यासारखं करून ललितला विचारलं. नऊच मुलं आली होती.

मी दारावरचा तो हात काढून आणायला निघाले. आप्पांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"नको गं पोरी. दीड वरसानं हाताला काही कळतंय. उद्या रेशीमबी कळंल. राहू दे."

मला रडूच आलं. मी तो तिथंच राहू दिला.

सोमवारी रिसॉर्ट बंद असतं. दुपारी तीनला आप्पा खुर्चीत ताठ बसलेले दिसले.

"काल समदे गेले," ते म्हणाले, "एकानं अजून सोडला नाय."

मी ललितला फोन लावला. त्यानं मोबाईलवर कॅमेरा पाहिला. बाहेरच्या गेटला कुलूप होतं, खोलीच्या दारापाशी कुणीच नव्हतं.

"लहान मुलाचा हात आहे का, आप्पा?"

"नाय. मोठा हाय. लय गार."

"मग मागे घ्या ना तुमचा."

"घेतोय कवाचा. येत नाय."

मी त्यांच्यापुढे जमिनीवर बसले. त्यांची बोटं अर्धवट मिटलेली, मधे चांगली पोकळी. धीर द्यावा म्हणून मी तिथं माझा हात सरकवायला गेले.

तो आत जाईना. जागाच नव्हती.