होडीतली मोजणी

तलावाकाठच्या होड्यांच्या शेडमधला दिवा मालवला की शीडवाल्या काकांचा गळा मोकळा होतो. चाळीस वर्षं शिडं शिवलेला माणूस. गोष्ट सांगणार ती ओळखीच्याच माणसाची. त्या रात्री शिकाऊ पोरं भोवती बसली आणि काकांनी भिंगरीच्या आईचा विषय काढला. ती पूर्वी इथेच होडी चालवायला शिकवायची.

ऑक्टोबरातला शेवटचा रविवार. हंगाम संपलेला. एक होडी दुरुस्तीला तलावापलीकडे गेली होती, ती अंधाराआधी परत आणायची, एवढंच काम. सात वर्षांच्या भिंगरीनं बरोबर यायचा हट्ट धरला. आईनं तिचं लाइफ जॅकेट तीनदा तपासलं. ही पोरीला आंघोळीलासुद्धा जॅकेट घालेल, असं नवरा म्हणायचा. ते आठवून तिला हसू आलं, आणि तिनं चौथ्यांदा बक्कल ओढून पाहिलं.

सुरुवात सुखाची झाली. पावसाळ्यातला चिकट वारा जाऊन करकरीत गार वारा सुटला होता. काठावरचं गवत तांबूस झालं होतं. शीड भरलं की होडी कलायची आणि भिंगरी पाण्यात बोटं बुडवून खिदळायची. आपण उगाच जीव टांगणीला लावतो, असं आईला अर्ध्या तलावापर्यंत अगदी मनापासून वाटलं.

मग वारा फिरला. थेट समोरून. समोरच्या वाऱ्यात शिडाची होडी सरळ जात नाही; आता नागमोडीच जायचं, आणि दर वळणाला शिडाचा आडवा दांडा डोक्याच्या उंचीवरून सपकन पलीकडे जाणार. त्यासाठी इथली रीत ठरलेली. वळण्याआधी सुकाणूवाल्यानं ‘मोजा’ म्हणायचं. प्रत्येकानं डोकं खाली घालून आपापला आकडा बोलायचा. मगच वळायचं.

सहा वाजून चाळीस मिनिटं. काळोख दाटला होता.

“मोजा.”

“एक,” भिंगरी म्हणाली.

“दोन,” आई.

“...तीन.”

मागून. पाण्यावरून. सवयीनं बोलल्यासारखं.

आणखी कोण आहे, भिंगरीनं विचारलं. कुणी नाही, प्रतिध्वनी आहे, आईनं सांगून टाकलं. प्रतिध्वनी पुढचा आकडा सांगत नसतो, हे तिचं तिलाच कळत होतं.

दुसऱ्या वळणाला आवाज होडीला चिकटून आला. तिसऱ्या वळणाला... होडीतून. मधल्या फळीवरून. भिंगरीच्या शेजारून.

आईनं बॅटरी मारली. पोरगी एकटीच. पण होडी तिच्या बाजूला कललेली. जरा जास्तच.

एकच वळण उरलं होतं. काठावरचा दिवा दिसत होता. आईनं ठरवलं, आता मोजायचंच नाही. विचारलं नाही तर ते बोलणार नाही. तिनं ओठ घट्ट मिटले आणि सुकाणू ढकललं.

इथे काका पुढे सरकून बसले.

‘मोजा’ ऐकलंच नाही, तर पोरगी मान खाली घालणार कशी? हे आईच्या ध्यानात आलं तेव्हा दांडा सुटला होता. भिंगरी ताठ बसलेली. दिव्याकडे बघत. आईनं ओरडायला तोंड उघडलं...

“तीन.”

मोठ्यानं.

दांडा गेला. सपकन.

मग काहीच नाही.

“भिंगरे...”

“किती जोरात दाबलंस गं डोकं माझं,” पोरगी रडवेली होऊन म्हणाली.

आईचा एक हात सुकाणूवर होता. दुसरा शिडाच्या दोरीवर. दोन्ही तिथेच होते.

पुढे कधीतरी आईनं काकांना हे सगळं सांगितलं; शेवटी म्हणाली, “काका, भीतीपोटी मी मोजलं नाही. आणि ज्याला भ्यायले, त्यानं मोजलं.”

त्याच रात्री होडी शेडमध्ये ओढली, वर ताडपत्री बांधली. थंडीभर तिला कुणी हात लावला नाही. मार्चमध्ये काकांनी स्वतः गाठी सोडल्या. आत फळ्याफळ्यांवर बुरशीचा पांढरा थर, बोट टेकवायला जागा नाही. फक्त मधल्या फळीवर, भिंगरी बसली होती त्याच्या शेजारी, एका माणसापुरती जागा स्वच्छ होती. गुळगुळीत... बसून बसून झिजल्यासारखी.